खसखशीएवढे बी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूर येथे सर्जापूर रोडवर झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. ती वाटचाल आपल्या स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे, आणि माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने ती सांगू शकतील असे गुरुजन सुदैवाने अद्याप आपल्यात आहेत. या मेळाव्याचे निमंत्रण आले त्याच सुमारास तुमच्यापैकी काहींनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. "बाई, घर घेतले, गॅलरीही बरी मोठी आहे, पण आयुष्यात कधी झाड लावलेले नाही. बियांपासूनच सुरुवात करायची तर काय पेरावे?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अर्धा तास हवा होता. तो आज आयताच मिळाला आहे. माझे उत्तर आहे : पॉपी.

मी मराठीची शिक्षिका. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. मात्र प्रार्थनेच्या मैदानामागील वाफ्यांची देखरेख गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे, आणि दरवर्षी आठवीचा वर्ग तेथे हिवाळी फुले पेरतो. तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकातले अर्धे आणि वाफ्यातले अर्धे आहे. सुरुवात अर्थातच शब्दापासून करते.

पॉपी हे नाव परके वाटले, तरी हे कूळ आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. अनारसा ज्या दाण्यांवर थापतात आणि करंजीच्या सारणात भाजून जे घालतात, ती खसखस म्हणजे पॉपीच्याच एका जातीचे बी. आपल्या कानडी शेजारणी जिला गसगसे म्हणतात आणि जिचे पायस करतात, तीही हीच. (उन्हाळ्यात खसचे म्हणून जे हिरवे सरबत मिळते ते वाळ्याचे. खस आणि खसखस यांचे नाते केवळ उच्चाराचे.) लहानात लहान वस्तूला आपण खसखशीएवढी म्हणतो, विनोदावर सभा हसली की तेथे 'खसखस पिकते'. वाळलेले बोंड कानाशी धरून हलवले की आतले शेकडो दाणे सळसळतात, आणि दबक्या हशाचा आवाज पुष्कळसा तसाच असतो. ज्याने ते बोंड एकदा हलवले आहे, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

आणि नेमक्या याच कारणाने एक गंभीर सूचना आधी द्यावी लागते. घरात खसखशीचा डबा आहे, बी फुकटचे आहे, तर तेच कुंडीत टाकून पाहू, हा विचार नवशिक्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो कृपया कोणी अमलात आणू नये. खसखशीचे झाड म्हणजेच अफूचे झाड. त्याच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो तो अफू. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये परवान्याविना त्याची लागवड हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दाणे बाळगणे व खाणे यांस कायद्याची काहीच हरकत नाही. अफूच्या बोंडांची व्याख्या करताना कायद्याने बी वगळले आहे. दाणा निर्दोष आणि रोप मात्र गुन्हा, अशी ही विलक्षण वनस्पती आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठरावीक भागांतच, ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्याने व देखरेखीखाली, औषधांसाठी तिची शेती होते. त्यांतील मंदसौर आणि नीमच हा मुलूख एके काळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि मुंबईच्या कित्येक मोठ्या घराण्यांच्या संपत्तीचा पाया तीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण आपण लवकर उरकतो. २०१२ साली बीड जिल्ह्यात अशी बेकायदा शेते सापडली, तेव्हा आम्ही खसखस म्हणून हे पीक घेतले असे शेतकरी सांगत होते. कायद्याने अशी सबब मानलेली नाही.

सर्जापूर रोडच्या रहिवाशांना हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. तुम्ही बी दुकानात जाऊन घेत नाही, फोनवरून मागवता. परदेशी पाकिटांवर 'पिओनी पॉपी', 'ब्रेडसीड पॉपी' अशी गोंडस नावे असतात. त्या सर्व अफूच्याच जाती. पाकीट उलटे करून शास्त्रीय नाव वाचावे. 'पापाव्हर सोम्निफेरम' असे लिहिलेले असेल तर ते पाकीट आपल्यासाठी नाही. सोम्निफेरम म्हणजे झोप आणणारी. लॅटिन नावे मुलांना रुक्ष वाटतात, पण बहुतेक वेळा ती सरळ खरे बोलतात.

मग पेरायचे काय? पॉपीच्या कुळात निर्धोक फुले पुष्कळ आहेत. नवशिक्याने आधी कॅलिफोर्निया पॉपी घ्यावी. नारिंगी-सोनेरी पेल्यासारखे फूल, राखट हिरवी, शेपूच्या भाजीसारखी कातरलेली पाने. ऊन असेल तेव्हा उमलते, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटते. पाणी थोडे चुकले तरी रुसत नाही. तुमच्यापैकी जे कंपनीच्या कामाने त्या राज्यात राहून आले आहेत, त्यांनी तिने भरलेल्या टेकड्या पाहिल्या असतील. १९०३ पासून ते तेथील राज्यफूल आहे. दुसरी आइसलँड पॉपी. फार देखणी, परंतु तिला अधिक थंडी लागते आणि तिचे बी अगदीच बारीक. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवावी. आणि तिसरी, माझी आवडती, शर्ली पॉपी.

या शर्लीची हकिकत मी दरवर्षी आठवीला सांगते. इंग्लंडमध्ये शर्ली नावाच्या गावी विल्यम विल्क्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. १८८० साली त्यांच्या बागेच्या शेताकडील पडीक कोपऱ्यात नेहमीच्या रानटी लाल पॉपी उगवल्या होत्या. शेतकरी जिला तण समजतो, तीच ही. त्यांतल्या एकाच फुलाच्या पाकळ्यांना त्यांना पांढरी, अगदी बारीक किनार दिसली. त्यांनी ते फूल खूण करून ठेवले आणि त्याचे बी वेगळे जपले. पुढच्या वर्षी दोनशेच्या आसपास रोपांतून चार-पाच रोपांनाच तशी किनार आली. त्या चार-पाचांचे बी पुन्हा पेरले. असे वर्षानुवर्षे केल्यावर मूळचा काळा मध्यभाग नाहीसा होऊन गुलाबी, पांढऱ्या, फिकट शेंदरी अशा रंगांची फुले मिळाली. जगात आज जेथे जेथे शर्ली पॉपी फुलते, तिचे मूळ त्या एका फुलात आहे. प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही. केवळ एका माणसाने तणाकडे नीट पाहिले. शिक्षकाच्या नोकरीत मला याहून उपयोगी गोष्ट सापडलेली नाही.

न पेरता भेटणारी एक पॉपीही तुमच्या आसपास आहे. रस्त्याकडेला आणि मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप उगवते. आपण त्याला पिवळा धोतरा किंवा काटेधोत्रा म्हणतो. धोतऱ्याशी त्याचा संबंध नाही. तो मूळचा मेक्सिकोचा आणि कुळाने पॉपीच. पान तोडले की पिवळा चीक येतो. फूल मुलांना जरूर दाखवा, पण बी तोंडात घालू देऊ नका. ते मोहरीसारखे दिसते आणि विषारी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन अनेकांचे प्राण गेले.

आता हवामानाकडे वळते. पॉपी हे थंडीचे फूल. तुमचे बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे आणि येथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतात. परदेशी हंगामी फुलांना हे शहर मानवते याचे श्रेय हवेला आहे, तसे माणसांनाही आहे. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेचा आरंभ केला. पुढे १९०८ मध्ये गुस्ताव्ह क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले. या शहरात वर्षभर कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, अशा हिशेबाने त्यांनी रस्त्यांवर वृक्ष लावविले. आपणा मराठी माणसांना माहीत असावी अशी बाब म्हणजे त्यापूर्वी, १८९३ पासून, ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. बंगळूरच्या फुलांचा एक धागा असा बडोद्याच्या मराठी दरबारातून आलेला आहे.

पेरणीची वेळ पंचांगाने सांगितलेली लक्षात राहते. तुळशीचे लग्न लागले की पॉपी पेरावी. त्याआधी घाई नको, कारण येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस जोरदार असतो आणि खसखशीएवढे बी एका सरीत कुंडीबाहेर जाते. तुळशीच्या लग्नानंतर पेरलेले बी साधारण रथसप्तमीच्या आगेमागे फुलते, म्हणजे लालबागेत प्रजासत्ताक दिनाचे पुष्पप्रदर्शन भरते त्याच दिवसांत. मार्चच्या अखेरीस सारे आटोपलेलेही असते, आणि हा या फुलाचा मोठा गुण समजा. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची पाळी या रस्त्यावरील कित्येक संकुलांवर आली होती, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवसांत पाण्याची ओढ असते, त्या दिवसांत पॉपी पाणी मागत नाही. ती तेव्हा बी होऊन पुडीत बसलेली असते.

कुंडी दहा-बारा इंच रुंद आणि तितकीच खोल घ्यावी. खोली महत्त्वाची, कारण पुढे सांगेन. तळाला भोके मोकळी असावीत. सप्टेंबर २०२२ मध्ये याच रस्त्यावरच्या वसाहतींत पाणी शिरले ते पाण्याची जुनी वाट अडली म्हणून. कुंडीचा नियम वेगळा नाही. येथील तांबडी माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग. याहून अधिक खत घालू नये. श्रीमंत मातीत पॉपीला पाने फार येतात आणि फुले थोडी. संकुलाच्या हिरवळीखालची माती उचलून आणू नये. तिच्यात बांधकामाचा राडारोडा फार असतो. रोपवाटिकांत कोकोपीट आग्रहाने देतात; ते मूठभर पुरे, कारण ते पाणी धरून ठेवते आणि पॉपीच्या कोवळ्या रोपाला ओल साचलेली सोसत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाहून जाणारे खारट पाणी फरशी पुसायला वापरावे, या रोपांना नव्हे.

कुंडी ठेवायची कोठे, हा सदनिकेतला खरा प्रश्न. पॉपीला दिवसाचे सहा तास ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत तो थेट आतपर्यंत येतो, ती सर्वोत्तम. पूर्वेची चालेल. उत्तरेच्या गॅलरीत पॉपीचा हट्ट धरू नये. आणि समोर तीस मजली इमारत असेल, तर दिशा विसरून एका रविवारी दर तासाला ऊन कोठे पडते ते मुलांना खडूने आखायला सांगावे. शाळेत भूगोलाच्या तासाला तुम्ही काठीची सावली मोजली होती, तोच प्रयोग.

आता प्रत्यक्ष पेरणी. माती भरून, पाणी घालून, एक दिवस तशीच ठेवावी. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळावे आणि रांगोळी टाकावी तसे वरून सोडावे. यानंतर जे करायचे ते नवशिक्याला सर्वांत अवघड जाते, कारण त्यानंतर काहीही करायचे नाही. बी मातीने झाकायचे नाही. पॉपीच्या बियाला रुजण्यासाठी उजेड लागतो. आठवीची मुले दरवर्षी दोन कुंड्या करतात. एकीत बी वर टाकलेले, दुसरीत बोटभर खोल पुरलेले. दुसऱ्या कुंडीपुढे ती रोज उभी राहतात आणि कोणी पाहत नाही असे वाटले की काडीने उकरून बघतात. झारीचे पाणीही वरून घालू नये. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी. माती खालून पाणी ओढून घेते आणि पृष्ठभाग ओलसर दिसला की कुंडी उचलावी. कबुतरांसाठी वर जाळी हवी. बंगळूरच्या उंच इमारतींतले ते मोठे संकट आहे, ओली माती दिसली की ती तीत येऊन बसतात. दहा ते वीस दिवसांत हिरवे सूत दिसू लागते.

यानंतर विरळणी. बाराइंची कुंडीत तीन, फार तर चार रोपे ठेवायची आणि बाकीची काढायची. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात येथे थरथरतो. रोपे उपटू नयेत, लहान कात्रीने मातीलगत कापावीत; उपटताना शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. आणि कापलेले रोप दुसऱ्या कुंडीत लावू म्हणून कोणी मुळासकट काढायला जाल, तर तेही निष्फळ आहे. पॉपीचे मूळ सोटमूळ. कोवळ्या वयातच ते सरळ खोल जाते आणि एकदा हलवले की बहुधा पुन्हा धरत नाही. म्हणून पॉपी जेथे फुलायची तेथेच पेरतात. झेंडू, शेवंती, गुलाब ही मंडळी स्थलांतर सोसतात. ही सोसत नाही.

आज सकाळी येथे आल्यावर एका काकूंनी माझा हात धरला. त्यांची दोन्ही मुले आपल्या शाळेची. "बाई, इथं सगळं आहे बघा. लिफ्ट आहे, बाग आहे, नातवंडं गुणाची आहेत. पण हाताला काम नाही आणि खाली उतरलं तर बोलायला माणूस नाही," असे त्या म्हणाल्या. मी त्यांचे नाव घेत नाही, कारण या सभागृहात असे म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. आयुष्याची साठ-सत्तर वर्षे बेळगावात काढलेली, गल्लीतल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली माणसे तुम्ही येथे आणली आहेत. प्रेमाने आणली आहेत, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची काळजी तुम्ही घेता. औषधांच्या वेळा फोनवर लावता. पण घरात त्यांच्यावाचून अडेल असे एक तरी काम तुम्ही त्यांना दिले आहे का, हे मी शाळेतल्या अधिकाराने विचारते आहे. स्वयंपाकाला बाई आहे, भाजी दारात येते, नातवाचा अभ्यास शिकवणीत होतो आणि तोही आजीला न समजणाऱ्या भाषेत. मग आजी सोफ्यावर बसते आणि आपण म्हणतो, आता तुम्ही आराम करा.

बागकामातला एक उपाय येथे सांगण्याजोगा आहे. पॉपी हलवणे भागच असेल, म्हणजे गॅलरीत ऊन यायला अवकाश आहे आणि बी तर आजच पेरायचे आहे, अशा वेळी जुन्या वर्तमानपत्राची नळी करतात, तीत माती भरतात आणि बी तीत पेरतात. रोप दोन-चार पानांचे झाले की नळी न सोडता, कागदासकट, अख्खी कुंडीत पुरतात. मुळाला बदल कळतच नाही. कागद मागाहून मातीत विरून जातो. रोप हलते, पण आपल्या मातीसह हलते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही माती म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. कोणाची ती सकाळचे मराठी वर्तमानपत्र असेल, कोणाची शेजारणीबरोबरची संध्याकाळ, कोणाची परसातली चार झाडे. ही कुंडी त्यांच्या हवाली करा, असे माझे म्हणणे आहे. 'विरंगुळा म्हणून करा' असे म्हणून नव्हे. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते कापायचे, हे त्यांनी ठरवावे. आणि नातवाला त्यांचा मदतनीस नेमावे. त्यांच्याबरोबर त्याला 'विरळणी', 'बोंड', 'सोटमूळ' हे शब्द लागतील. ते त्याला इतर कोठेही मिळणार नाहीत.

कळी धरली की पॉपीचा देठ खाली मान घालतो. नवशिके घाबरतात, रोप सुकले समजून पाणी ओततात. तसे करू नये. शर्लीची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी देठ आपण होऊन ताठ होतो, सकाळी केसाळ हिरवी टोपी दोन तुकड्यांत गळून पडते आणि आतून चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या बाहेर येतात. तासाभरात त्या सपाट होतात. हे पाहायचे असेल तर सकाळी सातला गॅलरीत असावे लागते. आजी-आजोबा असतातच, प्रश्न तुमचा आहे. एक फूल दिवस-दोन दिवस टिकते, अधिक नाही. पुष्पगुच्छाच्या कामाचे हे फूल नाही. ते रोज नवे येते, आणि कोमेजलेले वेळीच खुडले तर पाच-सहा आठवडे येत राहते. फुलात मध नसतो, पराग मात्र भरपूर असतो. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या त्यासाठी पहाटेच येतात. माशी दिसली की फवारणीवाल्याला बोलावण्याची सवय संकुलांत फार वाढली आहे. या दिवसांत तेवढी आवरावी. मावा पडला तर बोटाने पुसून काढावा किंवा साबणाचे पातळ पाणी शिंपडावे.

लाल पॉपी म्हटले की युरोपात युद्ध आठवते, आणि बेळगावकरांना ते परके नाही. या रानटी पॉपीचे बी जमिनीत खोल गेले तर कित्येक दशके जिवंत झोपून राहते आणि जमीन उलथीपालथी होऊन उजेड लागला की उगवते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी फ्लँडर्सची शेते नांगरून निघाली आणि ताज्या थडग्यांवर पॉपी फुलल्या. मे १९१५ मध्ये जॉन मॅक्रे या कॅनेडियन सैनिकी डॉक्टराने त्यांवर कविता लिहिली आणि ते फूल स्मरणाचे चिन्ह झाले. त्याच रणभूमीवर, ईप्रच्या लढाईत, आपली लाहोर डिव्हिजन लढत होती. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. आपल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. कूतचा वेढा त्यांनी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत सोसला, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकत येथे ११४ व्या मराठा पलटणीने पराक्रम केला. मराठा रेजिमेंटल सेंटरच्या गावात वाढलेल्या तुम्हा मुलांना बँडचा आवाज ओळखीचा आहे, ही नावे किती जणांना ओळखीची आहेत? भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी पॉपीऐवजी झेंडू असावा, असा प्रस्ताव गेल्या दशकात पुढे आला. मला तो योग्य वाटतो. स्मरणाचे फूल आपल्या तोरणातलेच असावे.

शेवटी बियांविषयी. फेब्रुवारीअखेर फुले खुडणे थांबवावे आणि प्रत्येक रोपावरची दोन-तीन फुले बोंडे धरू द्यावीत. शर्लीचे बोंड तपकिरी झाले की त्याच्या झाकणाखाली बारीक खिडक्यांची ओळ उघडते आणि वाऱ्याने हलले की मिठाच्या बाटलीतून पडावे तसे बी पडते. कॅलिफोर्नियाची शेंग लांबट असते. ती वाळली की फट्‌कन फुटते, म्हणून तिच्यावर आधीच कागदी पिशवी बांधावी. बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदातच ठेवावे, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि पुडीवर जात व वर्ष लिहावे.

आठवीच्या मुलांनी गेल्या हंगामातील शर्ली आणि कॅलिफोर्निया पॉपीच्या पुड्या तुमच्यासाठी पाठविल्या आहेत. प्रत्येक पुडीवर ती बांधणाऱ्याचे नाव आहे. त्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती द्यावयाच्या आहेत. ज्यांचे पालक येथे नाहीत त्यांनी स्वतः घ्याव्यात. मार्चमध्ये तुमच्या कुंडीतले बी साध्या टपालाने शाळेच्या पत्त्यावर पाठवा. सोबत पेरल्याची तारीख, पहिले फूल आल्याची तारीख आणि गॅलरीची दिशा एवढे मराठीत लिहून पाठवा. पुढच्या वर्षीच्या आठवीला आलेख काढायला ते लागणार आहे. पुडी बांधणाऱ्याला उत्तर आलेले फार आवडते, हेही सांगून ठेवते.